धानाला वाहिलेले पत्रक : ते का काढावे व कसे टिकवावे

शेतकऱ्याची संपत्ती दोन प्रकारची असते. एक कोठारात साठते. तिचे माप करता येते, ती विकता येते आणि कोणी चोरून नेली तर फिर्यादही करता येते. दुसरी संपत्ती त्याच्या डोळ्यांत व स्मरणात असते. कोणत्या बांधीतले पाणी आधी आटते, कोणता वाण उशिराच्या पावसातही लोळत नाही, गादमाशी कोणत्या वर्षी लवकर आली व त्या वर्षी रोवणी केव्हा झाली होती, हे सारे ज्ञान जन्मभराच्या श्रमातून मिळालेले असते. परंतु त्याचे माप कोणी करीत नाही, आणि ते नाहीसे झाले तर फिर्याद कोठे करावी हेही कोणास ठाऊक नसते. घरातील वृद्ध माणूस गेला म्हणजे कोठारातील धानाची वाटणी होते. त्याच्या डोक्यातील धानाची होत नाही.

चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे १९८२ पर्यंत एकच होते. शासनाच्या दप्तरात ते वेगळे झाले, तरी धानाने ते अद्याप एकत्र बांधलेले आहेत. नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली, तसेच वैनगंगेपलीकडील देसाईगंज, आरमोरी, कुरखेडा या मुलखात तलाव, बोडी, बांधी आणि मागे जंगल हेच चित्र गावोगाव दिसते. येथे धानाविषयी जितके बोलले जाते तितके क्वचितच दुसऱ्या कशाविषयी बोलले जात असेल. मात्र बोललेले लिहिले जात नाही. केवळ धानाला वाहिलेले, ठरल्या दिवशी निघणारे, आपल्याच गावांतील नोंदींवर चालणारे एक लहानसे पत्रक आपल्या मंडळींनी काढावे, व ते दोन अंकांनंतर बंद न पडता वर्षानुवर्षे टिकावे यासाठी काय केले पाहिजे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

नांदेड गावचे उदाहरण

अशा पत्रकावाचून काय अडते, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात मिळते. नागभीड तालुक्यातील नांदेड या खेड्यात दादाजी रामाजी खोब्रागडे हे अल्पभूधारक शेतकरी राहत असत. त्यांचे शिक्षण तिसऱ्या इयत्तेपर्यंतच झालेले होते. १९८३ साली 'पटेल ३' या त्या काळी प्रचलित असलेल्या वाणाच्या धानात त्यांना काही लोंब्या निराळ्या दिसल्या. दुसऱ्या कोणी त्या भेसळ म्हणून सोडून दिल्या असत्या. दादाजींनी त्या खुडून एका पिशवीत जपून ठेवल्या, पुढील हंगामात शेताच्या मध्यभागी थोड्याशा जागेत त्यांचे बी लावले, आणि रानडुकरांपासून रक्षण व्हावे म्हणून त्या जागेस काट्यांचे कुंपण घातले. आलेले बी त्यांनी पुन्हा निवडले व पुन्हा लावले. असे करता करता बारीक दाण्याचा, शिजल्यावर रुचकर लागणारा एक स्वतंत्र वाण तयार झाला.

१९९० च्या सुमारास ते बी दुसऱ्या शेतकऱ्याच्या शेतात गेले, तेथून बाजारात गेले, आणि व्यापाऱ्याने त्यास त्या दिवसांत लोकप्रिय असलेल्या मनगटी घड्याळाचे नाव दिले. हाच तो 'एच.एम.टी.' धान. महाराष्ट्राबाहेरही त्याचा प्रसार झाला, आणि आज शहरातील वाण्याच्या दुकानात या नावाने तांदूळ मागणाऱ्या माणसास त्याचा उगम नागभीड तालुक्यात आहे याची सहसा कल्पना नसते. १९९४ मध्ये कृषी विद्यापीठाच्या लोकांनी दादाजींकडून या वाणाचे बी नेले, आणि १९९८ मध्ये 'पी.के.व्ही. एच.एम.टी.' हा शुद्ध केलेला वाण विद्यापीठाकडून प्रसारित झाला. त्या नावात घड्याळ आले, विद्यापीठ आले. ज्याने लोंबी ओळखली तो माणूस आला नाही. आपणास श्रेय मिळाले नाही ही खंत दादाजींनी पुढे अनेकदा बोलून दाखविली. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाने त्यांच्या कार्याची नोंद घेतली, २००५ साली राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला, आणि २०१० मध्ये 'फोर्ब्स' या नियतकालिकाने ग्रामीण उद्योजकांच्या यादीत त्यांचे नाव घातले. दरम्यान 'नांदेड हिरा', 'विजय नांदेड', 'डी.आर.के.' इत्यादी आणखी वाण त्यांनी निवडून तयार केले होते. मान मिळाला, परंतु धन मिळाले नाही. जून २०१८ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात त्यांचे निधन झाले.

या हकीकतीत कोणाचा दोष किती, याचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. आपल्या कामाची गोष्ट एवढीच की, १९८३ च्या त्या हंगामात 'अमुक गावच्या अमुक शेतकऱ्यास अमुक वाणात निराळ्या लोंब्या आढळल्या, त्या त्याने राखून ठेवल्या आहेत' अशा चार ओळी कोठेतरी तारीखवार छापल्या गेल्या असत्या, आणि पुढील प्रत्येक वर्षी त्याच बियाण्याची हकीकत त्याच पानावर येत गेली असती, तर त्या वाणाचा जन्मदाखला आपोआप तयार झाला असता. पैसा मिळाला असता की नाही हे कोणी सांगू नये. पण हा वाण कोणाचा, हा वाद उत्पन्न होण्यास जागा राहिली नसती. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याच्या वाणाची नोंदणी करण्याची सोय झाली आहे. या कायद्याप्रमाणे शेतकऱ्यास आपले बी राखता, पेरता, देता-घेता, आणि छापील नाममुद्रा न लावता विकताही येते. मात्र नोंदणीसाठी वाणाची वंशावळ व त्याची वेगळी लक्षणे सांगावी लागतात. जो आयुष्यभर नोंद ठेवीत आला नाही, त्यास अर्जाच्या दिवशी ती आठवून लिहिणे फार कठीण जाते.

अशी पत्रके चालली आहेत

एकाच लहान विषयाला वाहिलेले पत्रक चालत नाही, असा एक समज आहे. अनुभव याच्या उलट आहे. १९६० साली मुंबईत जफर फत्तेहअली यांनी केवळ पक्षिनिरीक्षकांसाठी एक इंग्रजी वार्तापत्र सुरू केले. आरंभी ते चक्रमुद्रित असे व मोजक्याच वर्गणीदारांकडे जाई. त्यात विद्वानांच्या टिपणांबरोबर हौशी वाचकांनी पाहिलेल्या पक्ष्यांच्या नोंदीही येत. फत्तेहअलींनी त्याचे संपादन २००३ पर्यंत, म्हणजे चाळीसांहून अधिक वर्षे केले. एवढा काळ ते टिकले याचे कारण वाचक हाच त्याचा लेखक होता. ज्याची नोंद मागील अंकात छापली गेली, तो पुढील अंकाची वाट पाहणारच.

आपल्या विषयाशी याहून जवळचे उदाहरण गुजरातेतले आहे. अहमदाबादचे प्राध्यापक अनिल गुप्ता व त्यांचे सहकारी यांनी १९९० च्या सुमारास 'हनी बी', म्हणजे 'मधमाशी', या नावाचे वार्तापत्र काढले. शेतकरी, कारागीर, गुराखी यांनी स्वतः शोधलेल्या युक्त्या, एवढाच त्याचा विषय होता. मधमाशी मध नेते तरी फूल दरिद्री होत नाही, उलट एका फुलाचे पराग दुसऱ्यापर्यंत पोहोचतात. लोकांकडून ज्ञान घेणाऱ्यानेही असेच वागावे, हा त्या नावाचा अर्थ. म्हणून प्रत्येक युक्तीबरोबर ती देणाऱ्याचे नाव व गाव छापावयाचे, आणि गोळा केलेले ज्ञान ज्यांचे आहे त्यांच्याकडे त्यांच्याच भाषेत परत न्यावयाचे, असा त्यांनी नियम ठेवला. या चळवळीतूनच २००० साली राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान उभे राहिले, आणि त्याच प्रतिष्ठानाने दादाजींचे काम देशापुढे आणले हे वर आलेच आहे. एका अरुंद विषयाच्या लहान वार्तापत्राचे पाणी नागभीडपर्यंत पोहोचले, ते असे. फक्त ते वीस वर्षे उशिरा पोहोचले. तेच पाणी आपल्या गावी, आपल्या बोडीत असावे, इतकाच आमचा आग्रह आहे.

महाराष्ट्रातही एका पिकाची पत्रिका नवी नाही. द्राक्ष बागाईतदार संघाचे 'द्राक्षवृत्त' हे मासिक एका फळापुरतेच आहे. द्राक्षाच्या छाटणीपासून तोडणीपर्यंतची चर्चा त्यात इतकी बारकाईने येते, की दुसऱ्या पिकाच्या शेतकऱ्यास ती कंटाळवाणी वाटावी. परंतु बागाईतदारास तीच हवी असते. धान पिकविणाऱ्याने द्राक्षवाल्याहून कमी बारकाईने का बोलावे?

विषय किती लहान असावा

पत्रक काढणाऱ्यांची पहिली चूक विषयाच्या निवडीत होते. 'शेती व ग्रामसुधारणा' असे मोठे नाव देऊन पहिल्या अंकात खत, गाय, आरोग्य, सहकार, कविता आणि पुढाऱ्यांची छायाचित्रे भरली जातात. तिसऱ्या अंकास लिहिण्याजोगे काही उरत नाही, कारण या प्रत्येक विषयावर सांगण्यासारखे स्वतःचे असे काहीच संपादकांपाशी नसते. सर्व पिकांची रोजची वार्ता देण्यास २००५ पासून 'ॲग्रोवन'सारखे दैनिक आहे. त्याच्याशी चढाओढ करण्याचे आपणास कारण नाही. जे त्यास करता येत नाही ते आपण करावे. आरमोरीच्या एका बोडीखालील दहा बांध्यांत यंदा काय घडले हे कोणतेही दैनिक छापणार नाही. ते आपणच छापू शकतो.

म्हणून आमची सूचना अशी की, विषय 'धान' इतकाही मोठा ठेवू नये. निदान पहिली तीन वर्षे 'धानाचे वाण व बी' एवढाच ठेवावा. विहिरीप्रमाणे विषयाचेही आहे. तोंड लहान असले तरी चालते, खोली पाहिजे. बियाण्याचा विचार करू लागले म्हणजे जमीन, पाणी, कीड, बाजार, चव, पेंढा आणि जनावरे हे सारे ओघाने येतेच; पण ते बियाण्याचे बोट धरून येते, आणि त्यामुळे लेखास शिस्त राहते. छत्तीसगडात डॉ. आर. एच. रिछारिया यांनी १९७० च्या दशकात धानाचे हजारो स्थानिक वाण गोळा केले होते. शेजारच्या प्रांतात एका माणसाच्या आयुष्याला जो विषय पुरून उरला, तो आपल्या चार पानांस अपुरा पडेल ही भीती नको.

वाचक कोण, हे ठरवावे

ज्याच्यासाठी लिहावयाचे तो माणूस डोळ्यांपुढे नसेल तर लेखन सभेतील भाषणासारखे होते. आपला वाचक कोण? तलावाच्या पाण्यावर रोवणी करणारा एक, निव्वळ पावसाच्या भरवशावर आवत्या टाकणारा दुसरा. एकाची जमीन खोलगट, तेथे भारी धान चालते. दुसऱ्याची उंचावरची, तेथे हलके धानच हाती लागते. या दोघांस एकच सल्ला देणारा लेख दोघांच्याही उपयोगी पडत नाही. प्रत्येक लेखाच्या आरंभी 'हा लेख कोणासाठी' हे एका ओळीत सांगावे.

दुसरी गोष्ट स्त्रियांची. पऱ्हे खणणे, रोवणी, निंदणी व बी निवडून ठेवणे या कामांत स्त्रियांचा हात पुरुषांहून अधिक चालतो. कोणत्या वाणाचे पऱ्हे सहज उपटते व कोणते मुळापाशी तुटते, हे रोवणाऱ्या बाईस जितके कळते तितके बांधावर उभ्या असलेल्या मालकास कळत नाही. पत्रकात तिची नोंद तिच्याच नावाने आली पाहिजे. 'अमक्याची पत्नी' म्हणून नव्हे.

भाषेविषयी एवढेच सांगावयाचे, की लेख शुद्ध मराठीत असावा, परंतु वस्तूंची व कामांची नावे झाडीपट्टीत बोलतात तीच असावीत. बांधी, पऱ्हे, आवत्या, चुरणा हे शब्द पुस्तकी शब्दांनी झाकू नयेत. दक्षिणेकडे माडिया व गोंडी बोलणारी गावे आहेत, सिरोंच्याकडे तेलुगू चालते. तेथील वाणांची नावे त्या लोकांच्या उच्चारानुसार लिहून घ्यावीत, आणि अंक त्या गावात कोणीतरी वाचून, समजावून सांगेल अशी व्यवस्था असावी.

अंकांचे पंचांग

पत्रक बंद पडण्याचे दुसरे कारण म्हणजे 'या महिन्यात काय लिहावे?' ही चिंता. धानाच्या पत्रकास ही चिंता असूच नये, कारण त्याचे पंचांग निसर्गाने आधीच आखून ठेवले आहे. वर्षारंभीच अंकांची वाटणी करावी. उदाहरणार्थ:

रोहिणीचा अंक बियाण्याच्या परीक्षेचा. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी टाकावे. तरंगणारे पोचट दाणे काढून टाकावेत, आणि तळाशी राहिलेले बी दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे, ही सोपी रीत दरवर्षी छापली तरी ती शिळी होत नाही. मृगाच्या अंकात पऱ्हे टाकल्याच्या तारखा गावागणिक याव्यात. पुनर्वसू-पुष्याचा अंक रोवणीचा. पऱ्ह्याचे वय किती दिवसांचे होते हे त्यात अवश्य यावे. पुढील अंकात गादमाशी, खोडकिडा, तुडतुडे व करपा कोठे दिसले आणि कोणत्या वाणावर कमी दिसले याची नोंद यावी. गादमाशीने धरलेल्या फुटव्यास चंदेरी पोंगा येतो, त्याचे चित्रही द्यावे. हस्त-चित्रेच्या अंकात निसवणीच्या तारखा, भेसळ उपटण्याची आठवण आणि वेगळ्या दिसलेल्या लोंब्यांची यादी असावी. दादाजींसारखी नजर याच दिवसांत कामास येते, म्हणून हा अंक वर्षातील सर्वांत महत्त्वाचा समजावा. कापणीनंतरच्या अंकात उतारा, तर हिवाळ्याच्या अंकात उतेऱ्यातील लाखोळी, साठवण व बाजार यावा. फाल्गुन-चैत्रात कामे हलकी असतात, तेव्हा वृद्धांकडून जुन्या वाणांची माहिती लिहून घ्यावी व वर्षभराची सूची तयार करावी.

अंक निघण्याचा दिवस एकदा ठरला की तो मोडू नये. आठ पाने उशिरा देण्यापेक्षा दोन पाने वेळेवर द्यावीत. रोवणी उलटल्यावर हाती पडलेला रोवणीचा अंक चुलीतच जातो.

नोंद कशी असावी

एका चांगल्या नोंदीत पाच गोष्टी असल्याच पाहिजेत: पाहणाऱ्याचे नाव व गाव, तारीख, जमिनीची जात, पाण्याची सोय, आणि काय पाहिले. 'हा वाण उत्तम आहे' हे मत झाले, नोंद नव्हे. 'खोलगट बांधीत, बोडीच्या पाण्यावर, अमुक तारखेस रोवला, अमुक तारखेस निसवला, शेजारच्या बांधीत जुना वाण होता त्याहून आठ दिवस आधी कापणीस आला' ही नोंद झाली. शेजारी तुलनेसाठी जुन्या वाणाची एक पट्टी असल्यावाचून नव्या वाणाची स्तुती छापू नये.

अपयशाची नोंद यशाइतक्याच ठळकपणे छापावी. जेथे केवळ भरघोस उताऱ्याच्या हकीकती येतात, त्या पानांवर शेतकऱ्याचा विश्वास बसत नाही. कोणता वाण लोळला, कोणत्या बियाण्यात भेसळ निघाली, कोणते पीक करप्याने गेले, हे वाचून दहा शेतकरी वाचतात. आणि ज्या पत्रकाने आपणास एकदा तोट्यातून वाचविले, त्याचा वर्गणीदार सहसा गळत नाही.

तशीच परवानगीची मर्यादा पाळावी. एखाद्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीवाचून छापू नये, व छापल्यावर त्याचे नाव गाळू नये. वाण एखाद्या घराण्याने किंवा साऱ्या गावाने राखलेला असेल तर तसेच लिहावे.

पत्रव्यवहार व मंडळ

वाचकांचे प्रश्न हा पत्रकाचा प्राण होय. प्रत्येक अंकात एक पान प्रश्नोत्तरांचे असावे. उत्तर येत असेल तर द्यावे. येत नसेल तर प्रश्न तसाच छापून वाचकांपुढे ठेवावा. सिंदेवाही येथे कृषी विद्यापीठाचे धान संशोधनाचे केंद्र आहे. तेथील तज्ज्ञांकडे प्रश्न न्यावेत व त्यांची उत्तरे त्यांच्या नावानिशी छापावीत. शास्त्रज्ञ व शेतकरी एकाच पानावर, दोघेही नावानिशी आले, म्हणजे श्रेयाचे भांडण मुळातच खुंटते.

एकट्याच्या उत्साहावर काढलेले पत्रक त्या एकट्याच्या आजारपणाबरोबर आजारी पडते. म्हणून चार-पाच जणांचे मंडळ असावे, आणि छापण्यापूर्वी सर्व नोंदी एकत्र बसून वाचाव्यात. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने अभ्यासगटाची पद्धत ठेवली. कोणताही विषय आधी अभ्यासगटात बसून चर्चेने समजून घ्यावयाचा, निर्णय मात्र ग्रामसभेने सर्वांच्या संमतीने करावयाचा. जंगलावरील सामूहिक हक्क या गावाने २००९ साली मिळविला, त्यामागे अशा अभ्यासाचे बळ होते. पत्रकाच्या मंडळानेही हाच धडा घ्यावा. घाईने छापलेली एक खोटी नोंद दहा खऱ्या नोंदींचा विश्वास घालविते.

पैसा

वर्गणी अल्प असावी, परंतु असावी. फुकट मिळालेल्या कागदाची किंमत कोणी करीत नाही. धानपट्ट्यात रोख पैसा हाती येतो तो मळणीनंतर. म्हणून वर्गणी त्याच वेळी, वाटल्यास पायलीभर धानाच्या रूपाने घ्यावी. जाहिरातींविषयी एकच नियम पुरे: ज्या मालाच्या गुणदोषांविषयी आपणास लिहावे लागणार आहे, त्या मालाची जाहिरात घेऊ नये. बियाण्याच्या पत्रकाने बियाणे विकणाऱ्याचे पैसे घेतले, की पुढील अंकातील नोंद संशयास्पद होते. नांगर दुरुस्त करणारा, गिरणीवाला, पतसंस्था यांच्या जाहिराती घेण्यास हरकत नाही.

एक आक्षेप

हल्ली प्रत्येकाच्या हाती भ्रमणध्वनी आहे, सारी माहिती क्षणात मिळते, मग कागदाचे पत्रक कशाला, असा आक्षेप घेतला जातो. माहिती मिळते हे खरे. परंतु ती कोणाची, कोठली व केव्हाची, हे बहुधा कळत नाही. पंजाबातील धानाचा सल्ला ब्रह्मपुरीच्या शेतकऱ्यास तसाच पाठविला जातो, पुढे धाडणारा त्याची तारीख पाहत नाही, आणि आठ दिवसांनी तो संदेश शोधूनही सापडत नाही. भ्रमणध्वनी हा उत्तम टपालवाला आहे. अंक त्यावरून अवश्य पाठवावेत, दूरच्या गावांतील नोंदी त्यावरूनच मागवाव्यात, लोंबीचे छायाचित्र त्यावरूनच घ्यावे. दप्तर मात्र कागदावर असावे. प्रत्येक अंकाची एक प्रत संस्थेच्या कपाटात, एक गावच्या शाळेत, एक तालुक्याच्या वाचनालयात व एक सिंदेवाहीच्या केंद्रात ठेवावी. दर अंकात पाच नोंदी धरल्या तरी बारा अंकांच्या साठ व दहा वर्षांच्या सहाशे होतात. सहाशे तारीखवार नोंदींची सूची ज्या गावांपाशी आहे, त्या गावांशी वाणाविषयी बोलताना कोणासही विचार करून बोलावे लागेल.

शेतकरी बंधुभगिनींनो, यास मोठे भांडवल लागत नाही. प्रत्येक गावाने एक वही घ्यावी, लिहिता येणारा एक तरुण किंवा तरुणी नोंदणीदार नेमावी, आणि येत्या हंगामात निसवणीच्या दिवसांत बांधीबांधीतून फिरून वेगळी दिसलेली प्रत्येक लोंबी, ती पाहणाऱ्याच्या नावासह व तारखेसह, त्या वहीत उतरवावी. दहा गावांच्या वह्या एकत्र आल्या की पहिला अंक तयार झालाच. नांदेडच्या त्या शेतकऱ्यास १९८३ साली अशी वही मिळाली नाही. आज एखाद्या बांधीत दुसरा कोणी तशीच लोंबी हातात धरून उभा असेल. त्यास ती मिळावी, एवढी तजवीज आपण येत्या रोहिणीपूर्वी करावी, ही विनंती.